जालन्यात बर्फ पडत नाही, तरी हिवाळा सुरू होताच गोठा का गारठतो?

पांढरंशुभ्र शेत, त्यात उभी असलेली म्हैस आणि वर एक ओळ : 'जालन्याचं काश्मीर झालं!' असे फोटो आणि व्हिडिओ अधूनमधून मोबाइलवर फिरतात. पाहणाऱ्याला गंमत वाटते, पण ज्याच्या दावणीला दोन म्हशी आणि एक वासरू आहे त्याच्या पोटात गोळा येतो.

जालना जिल्ह्यात बर्फ पडत नाही. पण थंडी पडते, कधी अवकाळी पाऊस येतो, कधी गारा पडतात. दसरा-दिवाळीनंतर हवा अचानक बदलते, तेव्हा गोठ्यात नेमकं काय घडतं? गाई-म्हशींना थंडी बाधते का? दूध कमी होतं का? आणि मोठं जनावर धडधाकट असताना लहान वासरूच का दगावतं? समजून घेऊ.

तो पांढरा थर बर्फाचा की गारांचा?

जमिनीवर हिमवर्षाव व्हायचा असेल, तर ढगापासून जमिनीच्या जवळपर्यंतची हवा शून्य अंशाच्या आसपास किंवा त्याखाली असावी लागते. नाहीतर बर्फाचे कण वाटेतच वितळतात आणि खाली पाऊस पडतो. जालना कर्कवृत्ताच्या बरंच दक्षिणेला, साधारण २० अंश अक्षांशावर आहे. उंची समुद्रसपाटीपासून जेमतेम ५०० मीटर. इथे हिवाळ्यातल्या दुपारी पारा २८-२९ अंशांपर्यंत जातो. त्यामुळे हिमवर्षाव होण्याजोगी परिस्थितीच इथे तयार होत नाही.

व्हिडिओत दिसतो तो थर बहुतेक वेळा गारांचा असतो. गार तयार होण्यासाठी जमिनीवर थंडी लागत नाही. उलट जमीन तापलेली असली, तर वर चढणाऱ्या हवेला जोर येतो. ही हवा ढगातले पाण्याचे थेंब काही किलोमीटर उंचीवर नेते. तिथे तापमान शून्याच्या खाली असतं. थेंब गोठतात, त्यांच्यावर थरांवर थर चढतात आणि वजन पेलेनासं झालं की ते खाली कोसळतात.

११ फेब्रुवारी २०१८ रोजी जालना जिल्ह्यासह मराठवाडा आणि विदर्भाच्या काही भागांत अशीच गारपीट झाली. रब्बीची उभी पिकं झोपली, फळबागा झोडपल्या गेल्या, काही माणसांचाही जीव गेला. त्याआधी फेब्रुवारीअखेर ते मार्च २०१४ या काळात तर राज्यातल्या अनेक जिल्ह्यांना गारपिटीने पुन्हा पुन्हा झोडपलं होतं.

महाबळेश्वरच्या वेण्णा तलावाकाठी कधीकधी पहाटे दिसणारे हिमकण हा तिसराच प्रकार. तिथे आभाळातून काही पडत नाही, गवतावर साचलेलं दव गोठतं.

मग थंडी येते कुठून?

पावसाळा संपला की वाऱ्याची दिशा बदलते. उत्तर भारतातून कोरडी, थंड हवा मध्य भारतावरून मराठवाड्याकडे सरकते. हिमालयात पश्चिमी झंझावातामुळे बर्फ पडून गेला की त्यामागून येणारे उत्तरेचे वारे आणखी गार असतात. जालन्यात बर्फ पडत नसला, तरी हिमालयातल्या बर्फाची झळ अशी इथपर्यंत पोहोचते.

दुसरं कारण जालन्याच्याच डोक्यावर असतं, ते म्हणजे निरभ्र आभाळ. दिवसभर तापलेली जमीन रात्री उष्णता बाहेर टाकते. ढग असले तर ते गोधडीचं काम करतात आणि ही उष्णता अडवतात. ढगही नाहीत आणि हवाही कोरडी, अशा रात्री जमीन झपाट्याने गार होते. म्हणून दुपारी घाम येतो आणि पहाटे हुडहुडी भरते. दिवस आणि रात्रीच्या तापमानात १५ अंशांहून अधिक फरक पडतो.

सगळ्यात कमी तापमान मध्यरात्री नसतं, सूर्योदयाच्या आसपास असतं. नेमकी तीच धारा काढायची वेळ. डेअरीचं संकलन सकाळी लवकर होतं, त्यामुळे ऊन वर येईपर्यंत थांबायची सोय नसते.

'थंडीची लाट' कधी म्हणतात?

बातमीत 'लाट' हा शब्द सर्रास येतो, पण भारतीय हवामान विभागाची त्यासाठी ठरलेली मोजपट्टी आहे. मैदानी भागात किमान तापमान १० अंश किंवा त्याखाली असलं आणि ते सरासरीपेक्षा ४.५ ते ६.४ अंशांनी कमी असलं, तर ती थंडीची लाट. फरक ६.४ अंशांहून जास्त झाला तर तीव्र लाट. सरासरी काहीही असो, पारा ४ अंश किंवा त्याखाली गेला तरी लाट मानतात आणि २ अंश किंवा त्याखाली गेला तर तीव्र लाट.

यात एक मेख आहे. वेधशाळेतला तापमापक जमिनीपासून सव्वा-दीड मीटर उंचीवर, सावलीत, पेटीत असतो. निरभ्र आणि वारा पडलेल्या रात्री जमिनीलगतची हवा त्याहून काही अंशांनी गार असते. मोबाइलवर ९ अंश दिसत असले, तरी उघड्यावर, जमिनीवर बसलेल्या वासराच्या अंगाशी त्याहून कमी तापमान असू शकतं.

राज्यात थंडी कुठवर जाते याचा अंदाज निफाडवरून येतो. डिसेंबर २०१८ च्या अखेरीस तिथे पारा २ अंशांच्या आसपास उतरला होता. मराठवाड्यात परभणीचा आकडा दर हिवाळ्यात चर्चेत असतो आणि परभणी हा जालन्याला लागून असलेला जिल्हा आहे.

गाईला थंडी वाजते का?

निरोगी गाईच्या शरीराचं तापमान साधारण ३८.५ अंश सेल्सिअस असतं, म्हणजे माणसापेक्षा थोडं जास्तच. बाहेरची हवा एका ठरावीक टप्प्यात असेपर्यंत हे तापमान टिकवायला तिला वेगळे कष्ट पडत नाहीत. हवा त्या टप्प्याच्या खाली गेली की शरीराला उष्णता मुद्दाम तयार करावी लागते. मग खाल्लेल्या चाऱ्यातला काही भाग दुधाऐवजी अंग गरम ठेवण्यावर खर्च होतो.

मोठ्या गाईसाठी ही खालची मर्यादा बरीच कमी असते. तिच्या पोटात जणू एक चूल पेटलेली असते. पहिल्या, सगळ्यात मोठ्या कप्प्यात कोट्यवधी सूक्ष्मजीव चारा आंबवत असतात आणि त्यातून भरपूर उष्णता निघते. पोटभर खाल्लेली, कोरड्या अंगाची, आडोशाला बांधलेली होल्स्टिन फ्रिजियन गाय तर शून्याखालची थंडीही सोसते. ही जात मूळची थंड युरोपातली. जालन्यातल्या गोठ्यातल्या संकरित गाईचा खरा शत्रू एप्रिल-मेचं ऊन आहे. डिसेंबरची थंडी तिला उलट मानवते.

देवणी, लाल कंधारी, गीर या देशी गाईंचे केस आखूड आणि कातडी पातळ असते. ही रचना उष्णता बाहेर टाकण्यासाठी आहे, त्यामुळे थंडी त्यांना थोडी लवकर जाणवते. म्हशीच्या अंगावर तर केसच विरळ असतात आणि घामाच्या ग्रंथीही कमी. म्हणून तिला कडक ऊनही सोसत नाही आणि बोचरं वारंही.

तरीही ८-१० अंशांची कोरडी थंडी पोटभर खाल्लेल्या मोठ्या जनावराचा जीव घेत नाही. धोका होतो तो थंडीला आणखी काही जोडलं गेलं की.

ओलं अंग, बोचरं वारं

केसांमध्ये हवा अडकते आणि तीच जनावराची गोधडी असते. केस भिजले की ती हवा निघून जाते. शिवाय पाणी वाळताना अंगातली उष्णता खेचून घेतं. हातावर सॅनिटायझर घेतल्यावर गार का लागतं, त्याचं कारणही हेच. त्यात वारं सुटलं की हा वेग आणखी वाढतो. कोरड्या अंगाची गाय शून्याखालीही तग धरते, पण पूर्ण भिजलेल्या गाईला १५ अंशांच्या आसपासच थंडीचा ताण सुरू होऊ शकतो.

म्हणूनच हिवाळ्याच्या तोंडावर आलेला पाऊस हा भर जानेवारीतल्या कोरड्या थंडीपेक्षा घातक ठरतो. २६ आणि २७ नोव्हेंबर २०२३ रोजी राज्याच्या मोठ्या भागात अवकाळी पाऊस झाला. नाशिक, नगर भागात गारा पडल्या, मराठवाड्यातही जोरदार पाऊस झाला. बातम्यांमध्ये द्राक्षं, कांदा, कापूस आणि तूर यांचं नुकसान दिसलं. पण अशा रात्री उघड्या गोठ्यात भिजत उभ्या असलेल्या जनावरांवरही तेवढाच ताण पडत असतो.

याचं जगातलं मोठं उदाहरण अमेरिकेतल्या साउथ डकोटा राज्यातलं आहे. तिथल्या जनावरांना कडाक्याच्या थंडीची सवय असते. तरीही ऑक्टोबर २०१३ च्या पहिल्या आठवड्यात तिथे हजारो जनावरं मेली. वादळ हंगामाच्या आधी आलं होतं. जनावरांच्या अंगावर हिवाळ्याचे दाट केस अजून उगवलेले नव्हते आणि ती उन्हाळी कुरणांवर उघड्यावरच होती. आधी पावसाने ती चिंब झाली, मग सोसाट्याचं वारं सुटलं आणि त्यावर बर्फ पडला. याच जनावरांनी जानेवारीत याहून जास्त थंडी अनेकदा सोसली होती. या वेळी त्यांच्या शरीराची तयारी झालेली नव्हती.

जालन्यात गोष्ट बर्फाची नाही, पण कारण तेच आहे. शरीर थंडीला सरावायला काही आठवडे घेतं. आधी हळूहळू दिवस लहान होतात, गारवा वाढतो आणि केस थोडे दाट होतात. हा वेळ न देता थंडी किंवा पाऊस एकदम आला की जनावर कचाट्यात सापडतं.

मग वासरूच का दगावतं?

मोठ्या गाईची पोटातली चूल वासराकडे नसते. जन्मल्यावर काही आठवडे ते दुधावरच जगतं, चारा आंबवणारा कप्पा तयार झालेला नसतो. अंगावर चरबी थोडी आणि वजनाच्या मानाने कातडीचा पसारा मोठा, म्हणजे उष्णता बाहेर जायला जागा जास्त. म्हणून पहिल्या दोन-तीन आठवड्यांच्या वासराला १० ते १५ अंशांच्या खालीच थंडीचा ताण सुरू होतो. जालन्यातली डिसेंबरमधली जवळपास प्रत्येक रात्र या टप्प्यात येते. ज्या रात्री गाय आरामात रवंथ करते, त्याच रात्री तिच्या शेजारचं वासरू कुडकुडत असतं.

म्हशींच्या बाबतीत वेळही नेमकी अवघड असते. दिवस लहान होऊ लागले की म्हशींचा माज वाढतो. त्यामुळे हिवाळ्यात जास्त म्हशी गाभण राहतात. म्हशीचा गाभणकाळ साधारण ३१० दिवसांचा, म्हणजे दहा महिने. हिशेब केला तर बऱ्याच म्हशी ऑगस्ट ते डिसेंबर या काळात वितात. रेडकू जन्माला येतं आणि थंडीही त्याच सुमारास दारात येते.

नुसतं थंडीने गारठून मरण येणं तसं कमी. बहुतेक वेळा साखळी वेगळी असते. गारठलेलं वासरू नीट पीत नाही. पोटात दूध नसल्याने अंगात ऊब राहत नाही. प्रतिकारशक्ती खालावते आणि मग हगवण किंवा फुफ्फुसदाह गाठतो. मालक म्हणतो, 'सर्दी झाली आणि गेलं.' पण त्याची सुरुवात तीन-चार दिवस आधी, एका थंड रात्री झालेली असते.

या नुकसानीचा आकडा लगेच दिसत नाही. दूध देणारी म्हैस गेली की दुसऱ्या दिवशी डेअरीच्या मापात फरक पडतो. वगार गेली तर तो फरक काही वर्षांनी कळतो. वगार मोठी होऊन पहिल्यांदा वितायला साडेतीन-चार वर्षं लागतात. म्हणजे या डिसेंबरात गेलेली वगार ही चार वर्षांनंतरची दुभती म्हैस असते. त्या वेळी तिच्या जागी बाजारातून म्हैस आणायची तर कर्जच काढावं लागतं.

पहिले काही तास

थंडीत जन्मलेल्या वासराचं भवितव्य बरंचसं पहिल्याच दिवशी ठरतं.

पहिली गोष्ट म्हणजे अंग कोरडं करणं. गाय चाटते ते त्यासाठीच. रात्री थंडी असेल तर कोरड्या गोणपाटाने किंवा जुन्या कापडाने चोळून अंग पुसावं. त्याने रक्ताभिसरणही वाढतं.

दुसरी गोष्ट म्हणजे चीक. वासरू जन्मतं तेव्हा त्याच्या रक्तात रोगाशी लढणारी प्रतिद्रव्यं जवळपास नसतात. ती चिकातून मिळतात. वासराचं आतडं ती जशीच्या तशी शोषून घेतं, पण ही क्षमता तासागणिक कमी होत जाते आणि साधारण २४ तासांत संपते. म्हणून पहिला चीक जन्मल्यापासून एक-दोन तासांत पोटात जायला हवा. पहिल्या दिवशी मिळून वजनाच्या साधारण दहावा हिस्सा, म्हणजे २५-३० किलोच्या वासराला अडीच ते तीन लिटर. 'वार पडल्याशिवाय चीक पाजायचा नाही' ही समजूत अजून अनेक ठिकाणी आहे. वार पडायला सहा-आठ तासही लागू शकतात. तोवर थांबलं तर सगळ्यात मोलाचे तास वाया जातात. खरवस नंतर करता येतो, वासराचा पहिला वाटा चुकवून चालत नाही.

तिसरी गोष्ट म्हणजे नाळेला टिंक्चर आयोडीन लावणं. ओली नाळ घाण जमिनीला लागली की तिथून जंतू थेट शरीरात शिरतात.

त्यानंतरचे दोन-तीन आठवडे रात्री गोणपाटाची झूल बांधणं आणि थंडी जास्त असेल तेव्हा दुधाची मात्रा थोडी वाढवणं एवढं केलं तरी मोठा फरक पडतो. झूल दुपारी काढून उन्हात टाकावी. घामाने किंवा मुताने ओली झालेली झूल अंगावर राहिली तर ऊब राहतच नाही, अंग आणखी गारठतं.

थंडीत दूध घटतं की वाढतं?

दोन्ही घडतं. हिवाळा हा एरवी दुधाचा हंगाम. नुकत्याच व्यालेल्या म्हशी, हिरवा चारा आणि उन्हाचा ताण नाही, त्यामुळे संकलन वाढतं. दुधातलं फॅटही उन्हाळ्यापेक्षा चांगलं लागतं. दर फॅट आणि एसएनएफवर ठरत असल्याने हे पैशातही दिसतं.

पण थंडीची लाट आली की आठवडाभर दूध अचानक घटल्याची तक्रार येते. त्यामागे बहुतेक वेळा तीन कारणं असतात.

एक, पाणी. दुधात जवळपास ८७ टक्के पाणी असतं. एक लिटर दूध तयार व्हायला जनावराला साधारण चार लिटर पाणी प्यावं लागतं. रात्रभर उघड्या हौदात गार पडलेलं पाणी जनावर पुरेसं पीत नाही. यावरचा उपाय फुकटचा आहे. जमिनीखालच्या पाण्याचं तापमान वर्षभर फारसं बदलत नाही. ते त्या भागाच्या वार्षिक सरासरी तापमानाच्या जवळ, जालन्याच्या बाबतीत २५ अंशांच्या आसपास असतं. पहाटे विहिरीवर वाफ दिसते ती म्हणूनच. हौद रात्री रिकामा ठेवून सकाळी बोअरचं किंवा विहिरीचं ताजं पाणी भरलं, तर जनावर पोटभर पितं. सकाळी वीज नसेल तर ऊन वर आल्यावर पाणी पाजावं.

दोन, पान्हा. दूध उतरायला मेंदूतून ऑक्सिटोसिन हे संप्रेरक सुटावं लागतं. कासेला बर्फासारखा गार हात किंवा गार पाणी लागलं की जनावर दचकतं आणि पान्हा चोरतं. कोमट पाण्याने कास धुऊन, कोरड्या कापडाने पुसून मग धार काढली तर दूध नीट उतरतं. पुसणं महत्त्वाचं, कारण ओल्या सडांना वारं लागलं की भेगा पडतात. भेगांमधून जंतू शिरले की कासदाह ठरलेला.

तीन, बसण्याची जागा. गाय दिवसातले दहा ते बारा तास बसून काढते. उघडा कोबा गार असेल तर ती बसायचं टाळते आणि रवंथ कमी होतो. सोयाबीनचं कोरडं भुसकट, पाचट किंवा कडब्याचा चुरा पसरला की जमिनीची थंडी कासेपर्यंत पोहोचत नाही. वासराखालच्या भुसकटासाठी सोपी खूण अशी, की बसल्यावर त्याचे पाय त्यात झाकले गेले पाहिजेत.

गोठा चारी बाजूंनी बंद करावा का?

नाही. थंडीपासून वाचवण्याच्या नादात होणारी ही सगळ्यात मोठी चूक.

जनावरं रात्रभर श्वासातून वाफ सोडतात. मुतातून अमोनिया निघतो. गोठा पूर्ण बंद केला की ही दमट, झोंबरी हवा आतच कोंडते. पत्र्याला आतून पाणी सुटतं आणि ते अंगावर ठिबकतं, म्हणजे अंग पुन्हा ओलं. अमोनियाने श्वासनलिकेचं अस्तर दुखावतं आणि फुफ्फुसदाहाला वाट मोकळी होते. असा गोठा माणसाला उबदार वाटतो, पण आतली जनावरं खोकत असतात.

योग्य रीत म्हणजे खालून आडोसा, वरून मोकळीक. ज्या बाजूने वारं येतं, बहुधा उत्तर आणि पूर्व, तिकडे जमिनीपासून जनावराच्या पाठीच्या वरपर्यंत गोणपाट, ताडपत्री किंवा तुराट्यांचा कूड बांधावा. छताखालची हातभर जागा मोकळी ठेवावी. सकाळी ऊन आलं की पडदे वर करावेत.

हवा कोंडली आहे का, हे तपासायला यंत्र लागत नाही. पहाटे गोठ्यात जाऊन वासराच्या उंचीवर बसावं आणि श्वास घ्यावा. नाक झोंबलं, डोळे चुरचुरले तर वासरू रात्रभर तेच ओढत होतं.

हीच गोष्ट शेकोटीची. गोवऱ्या आणि पऱ्हाट्यांचा धूर बंद गोठ्यात कोंडला की त्यातला कार्बन मोनॉक्साइड जीवघेणा ठरतो. शिवाय शेजारी कडबा असतो आणि जनावरं दावणीला बांधलेली असतात, ठिणगी उडाली तर त्यांना पळताही येत नाही. शेकोटी पेटवायचीच असेल तर गोठ्याबाहेर, माणूस जागा असेपर्यंतच.

चारा काय आणि कधी?

पोटातली चूल पेटती ठेवायची तर तिला सरपण हवं. ते सरपण म्हणजे मुख्यतः सुका चारा. कडबा, भुसकट यांसारखा तंतुमय चारा आंबताना जास्त उष्णता निघते. म्हणून सुक्या चाऱ्याचा मोठा वाटा संध्याकाळी द्यावा. तो रात्रभर आंबत राहतो आणि पहाटे, गरज सगळ्यात जास्त असते तेव्हा, ऊब देतो.

खालच्या मर्यादेपेक्षा हवा जितके अंश गार, तितके साधारण टक्के ऊर्जेची गरज वाढते, असा ढोबळ हिशेब पशुआहारात धरतात. भिजलेल्या जनावराला त्याहून जास्त लागते. पण म्हणून एकदम धान्य किंवा गूळ वाढवू नये. अचानक वाढवलेल्या पिठाळ खुराकाने पोटात आम्ल वाढतं आणि जनावर खाणंच सोडतं. बदल आठवडाभरात हळूहळू करावा.

हिरव्या चाऱ्यात दोन धोके आहेत. दवाने भिजलेला कोवळा लसूणघास सकाळी रिकाम्या पोटी दिला तर पोटफुगी होऊ शकते. तो ऊन लागल्यावर, आधी थोडा सुका चारा देऊन टाकावा. दुसरा धोका ज्वारीचा. कोवळ्या, पाण्याअभावी किंवा थंडीने वाढ खुंटलेल्या ज्वारीत आणि कापणीनंतर आलेल्या फुटव्यांत सायनाइडसारखं विष तयार होतं. चारा कमी पडला म्हणून असं धाट कापून टाकलं, तर काही तासांत जनावर आडवं होऊ शकतं.

कोणते 'उपाय' टाळावेत?

थंडी सुरू झाली की मोबाइलवर घरगुती उपायांचे व्हिडिओही सुरू होतात. त्यातले काही जीवावर बेतणारे आहेत.

दारू पाजणं : दारूने कातडीजवळच्या रक्तवाहिन्या रुंदावतात. क्षणभर ऊब वाटते, पण शरीरातली उष्णता आणखी वेगाने बाहेर जाते.

नळकांड्याने तेल किंवा काढा ओतणं : मान वर करून घाईने ओतलेलं पातळ औषध श्वासनलिकेत जातं. त्यातून होणारा फुफ्फुसदाह बरा करणं फार अवघड असतं. गारठून निपचित पडलेल्या, गिळता न येणाऱ्या वासराला तर तोंडाने काहीही पाजू नये.

अंगावर गरम पाणी टाकून तसंच सोडणं : अंग पुसून पूर्ण कोरडं केलं नाही तर अर्ध्या तासात ते आधीपेक्षा गार पडतं.

गारठलेलं वासरू ओळखायची खूण सोपी आहे. कान आणि पाय गार, तोंडात बोट घातलं तर जीभ गार, चोखायची ताकद नाही. गुदद्वारातलं तापमान ३७.५ अंशांच्या खाली असेल तर वेळ दवडू नये. कोरडं करून, पांघरूण घालून, उबदार जागी ठेवून पशुवैद्यकाला बोलवावं. फिरत्या पशुचिकित्सा पथकासाठी १९६२ हा टोल फ्री क्रमांक आहे.

लाळ्या-खुरकूतची लस दिली आहे ना, हेही हिवाळ्याआधी पाहून घ्यावं. राष्ट्रीय पशुरोग नियंत्रण कार्यक्रमात ती मोफत दिली जाते.

जनावर दगावलं तर मदत मिळते का?

गारपीट आणि थंडीची लाट या दोन्ही केंद्राच्या अधिसूचित नैसर्गिक आपत्तींच्या यादीत आहेत. राज्य आपत्ती प्रतिसाद निधीच्या २०२२ ते २०२६ या काळासाठीच्या निकषांनुसार दुभत्या गाई-म्हशीसाठी ३७,५०० रुपये, बैलासाठी ३२,००० रुपये आणि वासरासाठी २०,००० रुपये मदत ठरवलेली आहे. एका कुटुंबाला किती जनावरांसाठी मदत मिळते, याला मर्यादा असते.

पण मृत्यू आपत्तीमुळेच झाला हे कागदावर यावं लागतं. गारांनी मेलेल्या म्हशीचं कारण समोर दिसतं. थंडीनंतर चार दिवसांनी फुफ्फुसदाहाने गेलेल्या वासराचं कारण सिद्ध करणं कठीण. म्हणून मृतदेहाची विल्हेवाट लावण्याआधी फोटो काढणं, तलाठ्याला कळवून पंचनामा आणि पशुवैद्यकाकडून शवविच्छेदन करून घेणं, तसंच जनावराच्या कानातला बिल्ला जपून ठेवणं गरजेचं आहे. बिल्ला नसेल तर जनावर आपलंच होतं हे दाखवण्यापासून सुरुवात करावी लागते.

भरपाईपेक्षा बचाव कितीतरी स्वस्त आहे. चार गोणपाटं, भुसकटाचा एक ढीग, सकाळी ताज्या पाण्याने भरलेला हौद आणि वेळेवर पाजलेला दोन-तीन लिटर चीक, यासाठी कर्ज लागत नाही. लागते ती एक आठवडा आधीची तयारी. हवामान विभागाने मराठवाड्यासाठी पारा घसरण्याचा किंवा अवकाळी पावसाचा इशारा दिला, की त्याच संध्याकाळी पडदे बांधून वासराची जागा कोरडी करून घ्यावी.